नशान कुठल्या गावचा

बैरूतला खेटलेल्या बुर्ज हम्मूदच्या आमच्या गल्लीत दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या ग्रामस्थ मंडळाच्या पाटीला लागतो. ज्या गावात आज आमचा एकही माणूस राहत नाही, ज्याच्या चर्चमध्ये आता म्हणे कडबा भरतात, त्या गावाला इथे अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष आहे, चिटणीस आहे, रबरी शिक्का आहे, महिला मंडळ आहे आणि शेजारच्या गावाशी भांडण आहे. भांडण सगळ्यात जुनं. हाकलून दिलं तेव्हा लोकांना अंथरुणं आणता आली नाहीत, भांडी आणता आली नाहीत, पोरंसुद्धा सगळी आणता आली नाहीत. भांडण मात्र नीट गाठोड्यात बांधून आणलं.

मी सरपुन ग्रामस्थ मंडळाचा पगारी लेखनिक. मी सरपुनचा नाही. मी आंजारचा, म्हणजे इथल्याच डोंगरापलीकडचा, तिथल्याच शाळेत शिकलेला, आणि सरपुनचा नाही म्हणूनच मला ठेवलं. मंडळाला गावाचा स्मरणग्रंथ काढायचा होता. पण सरपुनच्या कुणालाही लिहायला बसवलं की तो पहिली चाळीस पानं स्वतःच्या आजोबांवर लिहायचा. माझ्याआधी असे तीन लेखनिक होऊन गेले होते, आणि तीन आजोबा.

मंडळाचं कार्यालय बटणांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. समोर, हात लांबवला तर खिडकीला लागेल इतक्या अंतरावर, झोराक ग्रामस्थ मंडळ. तिकडे, सोडून आलेल्या मुलुखात, ही दोन्ही गावं एका नदीच्या दोन काठांवर होती आणि मध्ये एक पूल होता. एकोणीसशे पंधरामध्ये गावं रिकामी करायला सरकारचे शिपाई आले तेव्हा तो पूल आधी कोणी ओलांडला आणि कोणाला मागे टाकलं, यावर दोन्ही मंडळांनी छापील पुस्तिका काढल्या आहेत. दोन्ही मी वाचल्या. दोन्हींत आपलं गाव शूर आणि समोरचं पळपुटं आहे. वाक्यंही बरीचशी तीच आहेत.

आमचे अध्यक्ष पारोन आर्दाशेस. पारोन म्हणजे आपलं साहेब म्हणतात तसं. मोज्यांचा कारखाना आहे त्यांचा. जन्म बैरूतचा. गाव त्यांनी पाहिलेलंच नाही, त्यामुळे गावाच्या आठवणी त्यांना फार स्पष्ट आहेत. समोरचे अध्यक्ष पारोन सेनेकेरिम, दातांचे डॉक्टर, जन्म हलब शहरातला. त्यांनाही झोराकचा एकेक दगड आठवतो.

आता नेक्तार मावशीकडे येतो, कारण हे सगळं तिच्याबद्दल आहे.

मी कामाला लागलो त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, एक ठेंगणी बाई बुटांच्या वरच्या कातड्यांनी भरलेली पिशवी घेऊन जिना चढून वर आली. पिशवी तिने माझ्या टेबलावर, थेट सरपुनच्या नकाशावर ठेवली. बुटांच्या कारखान्यांतून कापलेलं कातडं आणायचं, घरी मशीनवर शिवायचं आणि परत नेऊन द्यायचं, हा तिचा धंदा. नवरा चांभारकाम करायचा, तो वारला होता. मुलगा कॅनडात होता आणि वर्षातून एकदा बर्फाचा फोटो पाठवायचा.

"एकच नाव लिहायचंय यादीत," ती म्हणाली. "नशान. वय तीन."

मी पेन उचललं आणि विचारलं, घराणं कुठलं?

"ते माहीत असतं तर चोवीस वर्षं तुमचे जिने चढले असते का रे मी?"

यादीचं सांगायला हवं. दरवर्षी चोवीस एप्रिलला सकाळी चर्चमध्ये प्रार्थना होते आणि दुपारी प्रत्येक मंडळ आपापल्या सभागृहात आपल्या गावच्या पंधरा सालच्या मृतांची यादी वाचतं. घराण्यावार. अमुक घराणं, मग त्यातली नावं आणि वयं. आपलं घराणं आलं की त्या घरची माणसं उठून उभी राहतात आणि नावं संपली की बसतात. ज्या घराण्यात कोणीच उरलं नाही त्याच्यासाठी अध्यक्ष उभे राहतात. सरपुनच्या यादीला दीड तास लागतो, आणि त्या दीड तासात पारोन आर्दाशेस इतक्या वेळा उभे राहतात आणि बसतात की दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरते. ही एक गोष्ट ते मनापासून करतात. नियम मात्र एकच: घराण्याशिवाय नाव नाही.

मी आत जाऊन अध्यक्षांना विचारून आलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं की ही बाई दरवर्षी येते, तिला आपलं गाव ठाऊक नाही, आणि आपण असं कुणालाही घ्यायला लागलो तर यादीला अर्थ काय राहील. मृतांच्या यादीत घुसायला लोक रांगा लावून उभे असावेत, असा त्यांचा सूर होता.

मावशीला मी हे जरा मऊ करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता समोर जाते. ते पण नाहीच म्हणतात, पण त्यांच्याकडे कॉफी बरी असते." आणि खरंच ती जिना उतरून समोरचा जिना चढली. थोड्या वेळाने मला खिडकीतून दिसलं की सेनेकेरिमसाहेब दोन्ही हात पसरून काहीतरी समजावत आहेत आणि ती कॉफी पिते आहे.

परत जाताना तिने खालूनच मला हाक मारली. पिशवी जड आहे आणि तुला काही काम दिसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. दोन्ही खरं होतं. मी पिशवी उचलली. अशी आमची ओळख झाली.

तिची खोली म्हणजे एक मशीन, एक पलंग आणि उरलेल्या जागेत कातड्याचा वास. तिची हकिगत मी तिथे तुकड्यातुकड्याने ऐकली. मशीन चालू असताना ती बोलायची नाही, दोरा संपला की बोलायची. त्यामुळे तिचं बालपण मला रिळागणिक मिळालं.

तिला फार काही आठवत नाही. दाराला एक पायरी होती. अंगणात तुतीचं झाड होतं. आईला ती आई म्हणायची, त्यामुळे आईचं नाव तिला ठाऊक नाही. स्वतःचं नाव ठाऊक आहे, कारण ते सतत ओरडलं जायचं. वडिलांना आधीच नेलं होतं. मग बायकापोरांना रस्त्याला लावलं. किती दिवस चालले ते माहीत नाही, कारण ती सहा वर्षांची होती की सात हेच माहीत नाही. तिचं वय पुढे अनाथाश्रमात दात मोजून ठरवलं आणि वाढदिवस त्या दिवशीची तारीख बघून. एका सकाळी आई उठली नाही. बाकीच्या बायका म्हणाल्या चल, म्हणून तिने तीन वर्षांच्या नशानला पाठीवर घेतलं आणि निघाली.

"जड होता," ती म्हणाली. "उपाशी पोर जड कसं लागतं कोण जाणे. पण लागतं."

पुढे एक पडकी भिंत होती आणि तिच्यापलीकडे विहीर. नशानला तिने भिंतीला टेकवून बसवलं, स्वतःचा एक जोडा त्याच्या हातात दिला, आणि सांगितलं की हा धरून बस, सोडू नकोस, मी पाणी घेऊन येते. विहिरीपाशी गर्दी होती. तेवढ्यात घोडेस्वार आले आणि विहिरीवरच्या बायकांना त्यांनी दुसऱ्याच रस्त्याने हाकललं. कुठल्याशा बाईने तिचा दंड धरला होता आणि तो सोडला नाही. त्या बाईमुळे ती वाचली. तिला मावशी अजून माफ करत नाही.

हे सांगून झाल्यावर तिने सुईत दोरा ओवला, पहिल्या खेपेत ओवला गेला, आणि मशीन सुरू केलं.

मी विचारलं होतं तिला, की चर्चमध्ये कुठल्याही रविवारी पाद्रीला सांगून मृतांच्या प्रार्थनेत नाव घेता येतं, मग ही जिन्यांची चढउतार कशाला? ती म्हणाली, तेही करते. पण रविवारी पाद्री वाचतो ती माणसं मूतखड्याने नाहीतर म्हातारपणाने गेलेली असतात, आपापल्या गादीवर. "हा एकटा पडलाय भिंतीपाशी. याला त्याच्या लोकांत ठेवायचंय. जी चालत होती त्यांच्यात."

हे ती एकदाच बोलली.

मी तेव्हा स्मरणग्रंथाचा लेखनिक होतो आणि डोक्यात वारंही शिरलं होतं. मला वाटलं, हिच्या आठवणी ग्रंथात घ्याव्यात. तिने मला आधी घडलेली एक गोष्ट सांगितली. एक प्राध्यापक वही घेऊन आला होता, परदेशी पदव्या मिळवलेला, आणि त्याने विचारलं की त्या क्षणी तुमच्या मनात कुठली भावना होती. ती म्हणाली, तहान. त्याने छापलं, मातृभूमीची तहान. "तेव्हापासून मी शिकलेल्या माणसाला पाणी विचारते, बाकी काही सांगत नाही," ती म्हणाली, आणि मला पाणी दिलं.

एकोणीसशे पासष्ट साल उजाडलं. पन्नास वर्षं पुरी होणार होती. सगळ्या मंडळांची मिळून मोठी सभा ठरली, आणि फर्मान निघालं की प्रत्येक मंडळाने आपल्या गावचा एक साक्षीदार आणावा, जो तेव्हा मूल होता आणि ज्याने ते डोळ्यांनी पाहिलं. तो गावाच्या नावाचा फलक घेऊन मंचावर बसेल. ज्या मंडळाकडे साक्षीदार नसेल त्याने मागच्या रांगेत, खांबामागे बसावं.

सरपुनचा साक्षीदार सहा जानेवारीला, म्हणजे आमच्या नाताळात, वारला. पारोन आर्दाशेसना याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त राग आला. चार महिने थांबता आलं नाही का, असं ते अंत्ययात्रेत दोनदा म्हणाले. झोराकची गत त्याहून वाईट होती. त्यांचा साक्षीदार जिवंत होता, पण तो पंधरा साली अलेक्झांड्रियात पिस्ते विकत होता, हे पिस्ते खाल्लेल्या एका माणसाने जाहीर केलं.

मग अध्यक्षांना नेक्तार मावशी आठवली. म्हणजे मीच आठवण करून दिली, आणि नंतर पुष्कळदा पस्तावलो. पंचवीस वर्षं तिला गाव नव्हतं. आता अध्यक्ष म्हणू लागले की तिचा चेहरा बघा, कपाळ सरपुनचंच आहे. तुतीचं झाड तर पुरावाच ठरलं, जणू सरपुन सोडून जगात कुठे तुती नाही. पण समोरचे आक्षेप घेतील, म्हणून परीक्षा हवी. परीक्षा सुचवली महिला मंडळाच्या अध्यक्षा दिगीन ओव्सान्ना यांनी. दिगीन म्हणजे आपलं बाईसाहेब. त्या अध्यक्षांच्या थोरल्या बहीण. मंडळात शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि पहिलाही.

परीक्षा कुफ्त्यांची.

इथे हसू नका, आमच्यात हे फार गंभीर प्रकरण आहे. बारीक दलिया आणि कुटलेलं मटण मळून वाटी करायची, आत कांदा, खिमा, अक्रोड भरायचा आणि तोंड बंद करायचं. तोंड कसं बंद करायचं, इथे गावं वेगळी होतात. सरपुनचा कुफ्ता लांबट, दोन्ही बाजूंना टोक. झोराकचा गोल, पोटावर अंगठ्याने दाबलेली खळगी. झोराकचे म्हणतात खळगी लोणी धरते. दिगीन ओव्सान्नांच्या मते त्यांना टोक काढता येत नाही. त्यांचं शास्त्र असं की गाव सोडताना बाई भाषा विसरेल, धर्म विसरेल, पण हात जे लहानपणी शिकला ते विसरत नाही. हिला पीठ द्या, भरण द्या आणि बघा. कुणी काही सुचवायचं नाही.

एका मंगळवारी दुपारी सभागृहात टेबल मांडलं. महिला मंडळाच्या अकरा बायका भिंतीला खुर्च्या लावून बसल्या, कोर्टात बसल्यासारख्या. मावशी आली, हात धुतले, पीठ चाचपलं आणि म्हणाली की मीठ कमी आहे. मग तिने पहिला गोळा घेतला. वाटी केली, भरण घातलं, आणि दोन्ही तळव्यांत फिरवून टोक काढलं. एकीकडे. मग दुसरीकडे. असं टोक, की दिगीन ओव्सान्ना उठल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांचं पाहून बाकीच्याही रडल्या. पारोन आर्दाशेस दारातून आत आले आणि म्हणाले, "ताई, घरी आलात."

"एवढी वर्षं जिन्यावरूनच परत जात होते," मावशी म्हणाली. "आता नाव लिहा."

नाव लिहायला घराणं हवं होतं. समितीची बैठक बसली आणि तासाभरात घराणं सापडलं. खाल्फायान. मागे कोणी न उरलेलं, म्हणजे आक्षेप घ्यायला कोणी नाही. शिवाय श्रीमंत, कारण मंचावर बसणारी बाई चांगल्या घरची असलेली बरी. त्या घरातल्या सुनेचं नाव जुन्या नोंदीत होतं, वर्तेर. ती आई ठरली. मी ठराव वाचून दाखवला. मावशीने शांतपणे ऐकला.

"पन्नास वर्षांनी आई मिळाली," ती मला हळूच म्हणाली, "तीसुद्धा बहुमताने."

मग तिने कागद मागितला. नशान, वय तीन, यादीत घेतला आहे, असं लिहून घेतलं. सही झाल्यावर म्हणाली, "शिक्का." शिक्का मारला. "नीट उठला नाही, परत मार." परत मारला.

मी खूश होतो. तीन दिवस खूश होतो. शुक्रवारी दुपारी मी खिडकीत उभा राहून सिगारेट ओढत होतो आणि समोर झोराकच्या सभागृहात मला टेबल दिसलं, भिंतीला लावलेल्या खुर्च्या दिसल्या, खुर्च्यांवर बायका दिसल्या, आणि टेबलापाशी नेक्तार मावशी. तिने गोळा गोल केला, तळहातावर घेतला आणि अंगठ्याने पोटात खळगी पाडली. मग तिने मान वर केली आणि मला पाहिलं. थांबली नाही. पुढच्या कुफ्त्याला अंगठा जरा जास्त जोरात दाबला, एवढंच. त्यांच्या बायका रडायला लागल्या तेव्हा मी सिगारेट विझवली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. ती कातडं शिवत होती. मी रीळ संपायची वाट पाहिली.

"अनाथाश्रमात दोन स्वयंपाकिणी होत्या," ती म्हणाली. "एक सरपुनची, एक झोराकची. एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकीच्या पाळीला खळगी पडली तर ती कानाखाली द्यायची, दुसरीच्या पाळीला टोक निघालं तर दुसरी द्यायची. अकराव्या वर्षापर्यंत मला दोन्ही येत होते, आणि आश्रमातल्या सगळ्या पोरींना येत होते. तुमच्या त्या ओव्सान्नाबाईने त्या स्वयंपाकिणीची परीक्षा घेतली. पास झाली ती."

मी विचारलं, मग तुमच्या आईचे कसे असायचे?

"आईच्या हातचं खाल्लेलं मला आठवत नाही," ती म्हणाली. "नंतर जे खाल्लं नाही तेवढं आठवतं."

तिने उशीखालून दुसरा कागद काढून दाखवला. झोराक ग्रामस्थ मंडळ. देमिर्जियान घराणं, आई होरोप, मुलगा नशान, वय तीन. शिक्का एकदम स्वच्छ उठला होता.

मी घाबरलो. म्हणालो, मावशी, हे फसवणं झालं. तिने दोरा तोडला. मग म्हणाली की मी सरपुनची आहे असं मी कुठे म्हणाले का? झोराकची आहे असं म्हणाले का? मी कुफ्ते केले. त्यांनी मीठ कमी घातलं होतं, तेही सांगितलं. बाकी सगळं ते म्हणाले.

हे फुटणारच होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही मंडळांनी भिंतींवर कागद चिकटवले. आमच्या कागदावर: सरपुनची कन्या, साक्षीदार नेक्तार. समोरच्या कागदावर: झोराकची लेक, साक्षीदार नेक्तार. फोटो तोच, कारण तिच्याकडे एकच होता, नवऱ्याने काढलेला. दोन्ही कागद एकाच रात्री, एकाच भिंतीवर, एकमेकांना खेटून लागले. सकाळी सगळी गल्ली तिथे उभी. पाववाला म्हणाला की बाई एक आणि गावं दोन, निदान एखादं आम्हाला द्या.

मी धावत तिच्याकडे गेलो तर दोन्ही अध्यक्ष आधीच तिच्या दारात होते. दार अरुंद, अध्यक्ष दोघेही रुंद. आत जायचं म्हणून दोघेही अडकले होते आणि मागे हटायला कोणी तयार नव्हतं. आर्दाशेस म्हणत होते की ती खाल्फायान आहे, आमच्याकडे ठराव आहे. सेनेकेरिम म्हणत होते की तिचा जबडा बघा, मी तीस वर्षं जबडे बघतोय, हा जबडा झोराकचा आहे. मग पुलाचा विषय निघाला. दोघांपैकी एकानेही तो पूल पाहिलेला नव्हता.

मावशीने मशीन थांबवलं.

"मला माझं गाव माहीत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही नाही. मी मंचावर बसणार नाही, फलक धरणार नाही. मला फक्त माझ्या भावाचं नाव हवंय."

पारोन आर्दाशेस लाल झाले. म्हणाले, मग नाव खोडावं लागेल. सेनेकेरिमसाहेब म्हणाले, अर्थातच, आम्हीही खोडू. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. पंचवीस वर्षांनी मिळालेलं एका सकाळी जाणार होतं, दोन्हीकडून.

मावशीचे हात मशीनच्या चाकावर होते.

"खोडा," ती म्हणाली. "पण आधी समोरच्याने खोडलंय का, ते बघून खोडा. नाहीतर त्या दिवशी हे वाचतील आणि तुम्ही गप्प बसाल. मग सगळी गल्ली म्हणेल, पोरगं त्यांचंच होतं."

दोन्ही अध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नसावं.

"आधी यांनी खोडावं," सेनेकेरिम म्हणाले.

"आम्ही का आधी?" आर्दाशेस म्हणाले. "पूल आधी तुम्ही ओलांडलात."

दोघेही कसेबसे दारातून सुटले आणि भांडत गेले. मावशीने चाक फिरवलं, पण शिवण वाकडी गेली. तिने ती उसवली आणि परत घातली.

त्या पंधरवड्यात मी यादी टंकत होतो. अध्यक्ष रोज विचारायचे, समोर काय चाललंय? मी म्हणायचो, टंकतायत. मग ते म्हणायचे, राहू दे. मला खात्री आहे की समोरच्या लेखनिकालाही रोज हेच विचारलं जात होतं.

चोवीस एप्रिलला मोठ्या सभेत दोन्ही मंडळं खांबामागे बसली, शेजारी शेजारी, आणि एकमेकांकडे पाठ करून. दुपारी आपापल्या सभागृहात यादी. गर्मी होती, दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या. यादी मी वाचत होतो, कारण माझा उच्चार गावंढळ असला तरी आवाज मोठा आहे. समोरचंही वाचन चालू होतं. आमचे मेलेले आणि त्यांचे मेलेले गल्लीच्या वर एकमेकांत मिसळत होते, आणि निदान ते तरी भांडत नव्हते.

खाली गल्लीत, बटणवाल्याच्या दुकानासमोर, नेक्तार मावशी एका स्टुलावर बसली होती. बरोबर मध्ये. वर कुठेच आली नाही.

मी खाल्फायान घराण्याला आलो. अध्यक्षांनी मला हातानेच खूण केली: मोठ्याने. मी वाचलं. "नशान, वय तीन." खाली स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती उठून उभी राहिली होती. आणि इकडे, नियमाप्रमाणे, ज्या घराण्यात कोणी उरलं नाही त्याच्यासाठी मोज्यांचे कारखानदार पारोन आर्दाशेस उभे राहिले, कंबर धरून. मी या माणसाला पुष्कळ हसलो आहे आणि पुढेही हसेन. पण तेवढा वेळ तो उभा होता.

देमिर्जियान घराणं आमच्या वर्णमालेत फार मागे येतं. मावशी उभीच राहिली. आमची यादी संपली, लोक जिने उतरायला लागले, तिला वळसा घालून जायला लागले, आणि ती उभी. मग समोरून सेनेकेरिमसाहेबांच्या लेखनिकाचा आवाज आला, माझ्यापेक्षा मोठा, मुद्दाम मोठा, आणि खिडकीतून दातांचे डॉक्टर उभे राहिलेले दिसले. ते संपलं तेव्हा ती बसली.

याला आता तीन वर्षं झाली. दरवर्षी दोन्हीकडे वाचतात, आणि दरवर्षी एकमेकांपेक्षा जास्त जोरात. समोरच्यांनी यंदा ध्वनिवर्धक आणला. आमच्या समितीने निषेधाचा ठराव केला आणि त्यापेक्षा मोठा ध्वनिवर्धक मागवला.

एक धोका मात्र मध्ये येऊन गेला. दोन्हीकडे सभासद कमी होत चालले, तेव्हा काही शहाण्यांनी सुचवलं की मंडळं एकत्र करावीत आणि यादीही एकच करावी, दुबार आणि संशयास्पद नावं तपासून. अध्यक्षांची एकत्र बैठक झाली. दोघे एकाच भांड्यातली कॉफी प्यायले. मी ही बातमी मोठ्या आनंदाने मावशीला सांगायला गेलो. मूर्खच मी.

ती मशीन चालवत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बोलावलं. टेबलावर फडक्याखाली दोन ताटं होती. तिने सांगितलं, हे तुमच्या दिगीन ओव्सान्नाला, हे समोर. कोणी पाठवलं विचारलं तर काही बोलायचं नाही. मी जिन्यावर फडकं उचलून पाहिलं. आमच्या ताटात गोल कुफ्ते होते, प्रत्येकाच्या पोटावर खळगी. समोरच्या ताटात दोन्ही बाजूंना टोकं.

दिगीन ओव्सान्नांनी ताटाकडे पाहिलं, खिडकीतून समोर पाहिलं आणि भावाला हाक मारली. समोर काय झालं ते मला दिसलं नाही, पण खिडकी आपटल्याचा आवाज इकडे आला. एकत्रीकरणाचा विषय त्याच संध्याकाळी दोन्हीकडून एकमताने रद्द झाला. तेव्हापासून दर एप्रिलला, यादी टंकायच्या आधी, ताटं जातात. न्यायला मीच.

यंदाही गेलो. परत आलो तेव्हा तिने मशीनवरून मान न उचलता विचारलं, "रागावले?"

"दोघेही," मी म्हणालो. "ओव्सान्नाबाईंनी तर ताटच परत दिलं नाही."

"कुफ्ते?"

"ते खाल्ले."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि नवीन रीळ लावायला घेतलं.